एक ओळ लिहायला काय जातं?

परत तेच! शिरोली एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोलर बोर्डासाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बिल्ड करतोय, आणि पाऊण तासानं ऐन लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, येऊन मान टाकली: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू आयटूसी_ट्रान्सफर'. म्हणजे आयटूसीचं (सेन्सर बोर्डाशी जोडणारी बस) फंक्शनच सापडत नाही. या महिन्यात तिसऱ्यांदा.

सेन्सरचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय आणि त्यांच्या अटी जिथं लिहितात ती फाइल) 'सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी' लिहिलं, म्हणजे आयटूसीवर चालणारा एक पर्याय चालू केला, पण 'डिपेंड्स ऑन आयटूसी', म्हणजे आयटूसी असेल तरच, हे लिहिलंच नाही. अरे भावा, सिलेक्ट तो पर्याय जबरदस्तीनं चालू करतं, त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्यात का ते बघत नाही! मग ड्रायव्हर कर्नलच्या पोटात आणि आयटूसी बाहेर मॉड्यूल म्हणून, नंतर लोड होणारं. जुळणार कसं? कॉन्फिग करतानाच 'अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज' अशी वॉर्निंग येते की. ती वाचायची कुणी? कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही स्पष्ट लिहिलंय, सिलेक्ट जपून वापरा. शक्यतो मेन्यूत न दिसणाऱ्या किंवा स्वतःच्या अटी नसलेल्या पर्यायांसाठीच.

आमच्याकडं नुकतंच लागलेलं पोरगं काल रात्री साडेनऊपर्यंत याच एररशी झगडत बसलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. राग येतोय तो याचा.