ह्रोनसेकचे लाकडी चर्च ‘गरिबांचे, छोटेसे’ नव्हते

स्लोव्हाकियात ह्रोन नदीच्या खोऱ्यात, बान्स्का बिस्त्रित्सा आणि झ्वोलेन या शहरांच्या मध्ये ह्रोनसेक नावाचे खेडे आहे. तेथील लुथरपंथीयांच्या, म्हणजे मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, लाकडी चर्चच्या छायाचित्रासोबत एक मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो: कॅथलिक सम्राटाने उदार मनाने परवानगी दिली आणि लोखंडी खिळेही न परवडणाऱ्या गरीब गावकऱ्यांनी आपल्यापुरते हे छोटेसे प्रार्थनागृह बांधले. हा मजकूर भाबडा वाटतो, पण त्यामुळे छळ सोसलेल्या माणसांचा इतिहासच पुसला जातो.

उदारतेचे म्हणाल, तर याच सम्राटाच्या, पहिल्या लिओपोल्डच्या, राजवटीत 1674 मध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांवर खटले भरले गेले आणि त्यांतील काहींना नेपल्समध्ये गलबतांवर वल्ही मारणारे गुलाम म्हणून विकले गेले. डच नौदलाच्या डी रॉयटर या सेनानीने 1676 मध्ये त्यांची सुटका केली. आजचा स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात मोडत असे. पुढे इम्रे टोकोली या हंगेरियन सरदाराच्या बंडाने हंगेरी पेटली, तेव्हा नाइलाज होऊन 1681 च्या शोप्रोन येथील राज्यसभेत काही परगण्यांत प्रत्येकी दोन चर्च बांधण्याची मुभा देण्यात आली. लढून मिळवलेल्या सवलतीला दान म्हणणे योग्य नाही.

लाकूड वापरले ते गरिबीमुळे, हेही खरे नाही. अशा चर्चच्या वाट्याला अटी आल्या होत्या: साहित्य लाकडाचेच हवे आणि काम वर्षभरात संपायला हवे. ह्रोनसेकची पायाभरणी ऑक्टोबर 1725 मध्ये झाली आणि 1726 च्या शरद ऋतूत बांधकाम पुरे झाले. एका तुळईचे टोक दुसरीच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी सांधे पक्के करण्याचे हे काम कसलेल्या सुतारांचे आहे. त्यात खिळ्यांची उणीव शोधणे म्हणजे त्यांच्या कसबाचा अपमान आहे.

‘छोटेसे’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. क्रूसाच्या आकाराच्या या वास्तूत सुमारे 1100 जणांच्या बसण्याची सोय आहे आणि बाके चढत्या पायऱ्यांसारखी रचलेली आहेत. परगण्यात परवानगीच मोजकी असल्यामुळे लांबलांबच्या गावांचे लोक येथेच येत. चर्चचे पाचही दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात, कारण सगळीकडे लाकूड असताना आग लागलीच, तर आतल्या शेकडो माणसांना रेटारेटी न होता बाहेर पडता यावे, याचा विचार बांधणाऱ्यांनी आधीच करून ठेवला होता.