प्रार्थना नेमकी कशासाठी करायची?

नवरा-बायकोतल्या रागासाठी प्रार्थना आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती एकमेकींना पूरक आहेत, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. पण प्रार्थनेचा रोख महत्त्वाचा. ‘देवा, ह्यांना बुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, ती तक्रार. रोज केली की राग मुरतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या फ्रँक फिंचम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात जोडीदाराच्या भल्यासाठी केलेल्या प्रार्थनेने क्षमा करण्याची तयारी वाढलेली दिसली.

मग विचारांवर काम करायला वही काढा. उदाहरणार्थ, हे आठला येतो म्हणाले, साडेनऊ झाले, फोन नाही. मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा: ‘माझी किंमतच नाही.’ राग शंभरपैकी किती? समजा 80. आता पुरावा दोन्ही बाजूंनी लिहा, आणि पर्यायी वाक्य: ‘फोन करायला हवा होता, पण काल औषध आणायला हेच धावले.’ राग 45 वर आला तरी पुष्कळ. शून्याचा हट्ट नको. वाक्यातला ‘च’ शोधा, ‘फोन केलाच पाहिजे’ मधला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच शिकवत राहिले: इच्छा ठेवा, तिची सक्ती करू नका.

बहुतेकांचं बिनसतं कुठे, तर भांडण पेटलेलं असतानाच वही उघडतात. आधी वीस मिनिटं वेगवेगळ्या खोलीत बसा, प्रार्थना तेव्हा करा. आणि एकमेकांची वही तपासायची नाही!

मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे विचार बदलायचा नसतो, आधी सुरक्षित जागी जायचं असतं. महिलांसाठी 181, आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा 14416, दोन्ही मोफत आहेत.