आपली गिटार 1959 चीच कशी निघेल?

माळा आवरताना मामांची, काकांची किंवा भाड्यानं राहून गेलेल्या कुणाची जुनी सेमी-हॉलो गिटार हाती लागली का? पोकळ अंगाची, पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा आणि व्हायोलिनला असतात तशी दोन एफ-होल? मग तिचं वय काढायला जाणकार शोधत फिरू नका. रीत मी सांगतो. गेल्या रविवारी भर पावसात, डेंटिस्टचा आरसा खिशात घालून, कोथरूडला एका सद्गृहस्थांच्या घरी ही सगळी रीत साग्रसंगीत पाहून आलोय.

वय काढायचं नसतं, ठरवायचं असतं. आणि ते 1959 ठरवायचं. अमेरिकेतल्या गिबसन कंपनीची याच जातीची गिटार, ईएस-335, बाजारात आली 1958 मध्ये. त्यामुळे 58 म्हटलं की लोक खोलात शिरतात, 60 म्हटलं की घासाघीस सुरू करतात. 59 पुढे सगळे गप्प. ‘मामांची 59 ची गिबसन’ म्हणायलाही बरं वाटतं, पेशव्यांनी दिलेल्या इनामाबद्दल बोलल्यासारखं.

एकदा ठरलं की गिटारीकडे फार बघू नये. फ्रेटबोर्डवर, म्हणजे बोटं फिरतात त्या पट्टीवर, गोल ठिपके असतील तर छानच. चौकोनी तुकडे असतील तर पंचाईत, कारण 335 वर ठिपके जाऊन चौकोन आले 1962 मध्ये. खाली तारा अडकवायची जागा बघा, म्हणजे बघू नका. पोटात रोवलेल्या दोन बोल्टांवरचा आखूड दांडा असला तर साधारण 1964 पर्यंतची; बुडाला अडकवलेला लांब झोपाळा, म्हणजे ट्रॅपीझ, असला तर 1965 नंतरची. कोथरूडच्या गिटारीला चौकोनही होते आणि झोपाळाही. सद्गृहस्थ म्हणाले, “ते मामांनी नंतर बदलून घेतलं असेल.” घेतलं असेलच. दादरहून पुण्याला परतताना, ऑर्केस्ट्राच्या बसमध्ये, मामांनी सगळे गोल ठिपके उपटून त्या जागी चौकोन कोरून बसवले असणार. तेव्हाची माणसंच वेगळी.

आता नंबर. तो हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागे ठोकलेला असतो. साठच्या दशकात गिबसननं तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे एकाच नंबराला दोन-तीन वर्षं निघतात. ही आपल्यासाठीच केलेली सोय समजा आणि सगळ्यात जुनं वर्ष उचला. 59 सालचा नंबर मुळात हेडस्टॉकवर ठोकलेला नसायचाच, तो आतल्या लेबलवर ‘ए’ अक्षरापुढे असायचा, आणि शिवाय पोटात आतून ‘एस’ अक्षराचा वेगळा शिक्का असायचा. पण एवढं कोण वाकून बघतंय? नंबराखाली ‘मेड इन यूएसए’ ठोकलेलं दिसलं तर मात्र गिटार 1970 च्या अलीकडची ठरते. तिथे अंगठा ठेवून फोटो काढा. सगळ्यात वाईट म्हणजे जपानी आयबानीझचा नंबर. 1975 नंतरच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. ‘एच 78’ म्हणजे आठवं अक्षर, ऑगस्ट 1978. इतकी सरळ माहिती अंगावर बाळगणं कोणत्याही व्हिंटेज वस्तूला शोभत नाही. असा नंबर असला तर त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरा.

एफ-होलमधून दिसणारं कागदी लेबल ओल्या फडक्यानं पुसून टाका, कळकट दिसतं.

पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकी डबीच्या, पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा काळा स्टिकर हवा. नसला तर नवे मिळतात. चिकटवताना लाजायचं कारण नाही. गिबसननं पुढे पेटंट नंबरवाले स्टिकर लावायला घेतले, तर त्यावरचा नंबर या पिकअपचा नव्हताच, गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवायच्या दांड्याच्या, पेटंटचा होता.

वाण्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा असतो. त्याखाली जुन्या गिटारींवरचं नायट्रो लॅकर नावाचं पॉलिश हिरवट-पिवळं उजळतं, नवा रंग तसा उजळत नाही. वाणी बदला.

राहिले पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग. बटण फिरवलं की स्पीकरमध्ये खरखर येते, बरोबर? येणारच. चाळीस-पन्नास वर्षांची धूळ आहे ती. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा, बटण पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवायचं, संपलं. पण तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही बुधवार पेठेत जा आणि चार नवे पॉट आणा. सेमी-हॉलोला मागे झाकण नसतं, तेव्हा जुने पॉट एफ-होलमधूनच बाहेर काढायचे आणि नवे तिथूनच आत घालायचे. ज्यांना हे काम येतं ते प्रत्येक पॉटच्या दांड्यावर सलाइनची नळी चढवतात, म्हणजे नळी ओढली की पॉट आपापल्या भोकात परत येतो. तुम्ही पक्कड घ्या. एफ-होलच्या कडेचा टवका उडाला तर उडू दे, तेवढंच जुनं दिसतं. आणि निघालेले पॉट ताबडतोब टाकून द्या. त्यांची पाठ चुकूनही बघू नका, कारण अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडा ठोकलेला असतो. समजा, 1376634. 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966, 34 म्हणजे त्या वर्षाचा चौतिसावा आठवडा. आठवडा! आपल्याकडे एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी 1 जून टाकलेली आणि इथे एका बटणाचा आठवडा लिहून ठेवलाय. पॉट मूळचे असतील तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची असेल, कारण पॉट कारखान्यात पडून राहतात, पण आधीची नाही. आणि पाठीवर असा आकडाच नसता, दांडा मिलीमीटरच्या मापाचा असता, तर निदान अमेरिका की जपान एवढं तरी दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून मी आरसा आत घातला, मोबाइलचा टॉर्च लावला, तर आत चार नवेकोरे, चकचकीत पॉट.

“जुने कुठायत?”

“कोण जुने? ते होय! भंगारात दिले. खरखर करत होते हो.”

“आणि पिकअप?”

“तेपण दिले. गंजलेले होते.”

गंज नव्हता तो! निकलचं पाणी दिलेलं कव्हर आहे, ते मंद पडणारच. तुमच्या देवघरातला तांब्या काळा पडतो तेव्हा तो भंगारात देता का? चिंच लावून घासता ना? मग मामांनी वीस-पंचवीस वर्षं ज्यावर पोट भरलं त्या वस्तूचं काळीज उपटून किलोच्या भावानं विकताना हात कसा थरथरला नाही? आणि हे करून झाल्यावर, हे सगळं करून झाल्यावर, मला फोन करायचा, “जरा वय बघता का?” कशात बघू? हेडस्टॉकवरची अक्षरं तुटक दिसत होती म्हणून गिटार नाना पेठेत, गाड्यांना ड्युको मारतात तिथे, देऊन आलेत. मागच्या नंबरात लांबी, वर पॉलिश पेपर, वर मारुती 800 चा लाल. गुळगुळीत. मी त्या जागेवरून अंगठा फिरवला तर खाली कुठेतरी आकड्याची एक कड लागते न लागतेसं वाटलं. वाटलंच फक्त.

असो. रीत सांगत होतो. शेवटी कहाणी लागते. कोथरूडची कहाणी अशी : मामांनी ही गिटार 1962 साली बोटीवर वाजवणाऱ्या एका गोवेकराकडून घेतली. कहाणी खोटी असेलच असं नाही, तशा गिटारी मुंबईत उतरत असत. पण मामांची एखादी गिटार बोटीवरून आली म्हणून ही तीच, असं कुठे आहे? पंचवीस वर्षं वाजवणारा माणूस काय एकच गिटार बाळगून बसतो? मी ब्रिजच्या, म्हणजे तारांना टेकू देणाऱ्या पट्टीच्या, बोल्टाला माझ्याकडची इंची आट्याची चकती लावून पाहिली. फिरेना. मिलीमीटरची लावली, लोण्यासारखी गेली. म्हटलं, “बहुधा जपानची आहे.”

घरात कुणी गेल्याची बातमी सांगितल्यासारखी शांतता पसरली. मग वहिनी आतून म्हणाल्या, “जपान? चहा ठेवणार होते.” तो चहा शेवटपर्यंत आला नाही.

आता सरळच बोलतो. जपानची असली म्हणून काय झालं? सत्तरच्या दशकात मात्सुमोतोमधल्या कारखान्यांत, फुजिगेनमध्ये, मात्सुमोकूमध्ये इतक्या चांगल्या गिटारी होत होत्या, की गिबसनच्या मालक कंपनीनं 1977 मध्ये हेडस्टॉकच्या आकारावरून आयबानीझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला. तुमच्या मामांची गिटार वाजते. गळा सरळ आहे, बाराव्या फ्रेटला सूर पक्का आहे, ड्युकोचा थर असूनही घुमते. ती नुसती नंबरानिशी, लेबलानिशी, काळ्या पडलेल्या पिकअपांनिशी तुम्ही माळ्यावर ठेवली असती तर मी तुम्हाला कारखाना सांगितला असता, कदाचित महिनासुद्धा. आता मी ‘सत्तर ते ऐंशीच्या मधली असावी’ यापुढे एक अक्षर बोलू शकत नाही. हे तुम्ही केलंत. काळानं नाही, उंदरांनी नाही, तुम्ही. गिटार हातात आली की आधी फोटो काढायचे : पुढून, मागून, हेडस्टॉकच्या पाठीचे, एफ-होलमधून आत. मग स्क्रूला हात लावायचा. निघेल तो प्रत्येक तुकडा, गंजका, मोडका, कसाही, पिशवीत घालून केसमध्ये ठेवायचा. एवढं साधं आहे. आणि वय विचारायचं असेल तर वय विचारा. किंमत विचारायची असेल तर किंमत विचारा, आणि तीही मला नको.

कारण परवा कुणीतरी मला जाहिरात पाठवली. ‘1959 गिबसन, एकहाती वापर, तज्ज्ञांनी तपासलेली.’ खाली चार फोटो. तिसऱ्यात एफ-होलमध्ये डेंटिस्टचा आरसा धरलेला एक हात आहे, मनगटावर पट्टा तुटलेलं घड्याळ. तो हात माझा आहे. साहेब, ती जाहिरात काढा. काढायची नसेल तर निदान तो तिसरा फोटो तरी काढा.