श्रीखंडाच्या डब्यातलं गरमागरम तिखलं

मंडळी, कोकणातल्या घरात मायक्रोवेव्ह शिरतो तो बहुधा गणपतीच्या तोंडावर. मुंबईचा चाकरमानी नवा घेतो आणि जुना गाडीच्या डिकीत घालून गावाला आणतो. "आईला बरं पडेल." आई त्यावर क्रोशाचा रुमाल घालते आणि पावसाळाभर आत चकल्या ठेवते, कारण तिथे मुंग्या जात नाहीत. हा त्या यंत्राचा सर्वात निर्धोक उपयोग. पण तुम्ही आधुनिक आहात. तुम्हाला त्यात जेवणच गरम करायचं आहे, तेही प्लास्टिकच्या डब्यातच. तेव्हा या चार सूचना.

भांडं निवडताना हयगय नको. घरात काचेचे वाडगे आहेत, चिनी मातीच्या बरण्या आहेत, लग्नात आलेला काचेचा सेट माळ्यावर खोक्यातच आहे. त्याला हात लावू नका, तो पाहुण्यांसाठी. आपल्याला हवा श्रीखंडाचा रिकामा डबा. तो थंड श्रीखंडासाठी केलेला असतो हा कंपनीचा संकुचित विचार झाला. आपल्याकडे त्याच डब्यात मीठ, सुकट, कोकमं आणि शेवटी बांगड्याचं तिखलं असा सर्वधर्मसमभाव नांदतो. डब्याला तडा गेला आणि सुनेने तो कचऱ्यात टाकलाच, तर सासूबाई तो परत काढून आणतातच: "ह्यो डबो अजून चांगलो आसा, टाकतंस कित्याक?"

डबा उलटा करून तळ बघायच्या फंदात पडू नका. तिथे त्रिकोणात एक आकडा असतो, १ ते ७. तो प्लास्टिकची जात सांगतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यातल्या त्यात उष्णता सोसणारं. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, जे उकळत्या पाण्याच्या बरंच आधी मऊ पडतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, उकळत्या रश्शाशी ज्याचं मुळीच जमत नाही. आपलं घर जात मानत नाही, तेव्हा हॉटेलातून पार्सल आलेला, बोट लावलं तरी दबणारा पातळ डबाही तसाच आत सारा. झाकण मात्र घट्ट लावा. वाफ कोंडली की झाकण टपकन उडतं आणि वाफेचा भपका तोंडावर येतो. पार्लरमध्ये त्याचे पैसे घेतात.

आता पदार्थ. नुसता भात गरम करण्यात मजा नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटप, वर तेलाचा तवंग आणि कोकमाचा आंबटपणा, असं काहीतरी हवं. मायक्रोवेव्ह प्लास्टिकला थेट फारसा तापवत नाही. तो मुख्यत: अन्नातल्या पाण्याला तापवतो आणि तापलेलं अन्न डब्याला. पाणी साधारण १०० अंशांपाशी उकळत अडतं, तेल मात्र त्याच्याही पुढे जातं. शिवाय प्लास्टिकमध्ये मिसळलेली बरीचशी रसायनं पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. थोडक्यात, डब्यातलं काही अन्नात उतरवायचं असेल तर उष्णता, तेल आणि वेळ एवढं पुरतं. आपल्या मालवणी रश्श्यात यातलं काहीच कमी नाही. वेळ तुम्ही वाढवा. दोन मिनिटांत भागत असेल तर पाच लावा आणि अंगणात जाऊन शेजाऱ्याशी बोलत उभे राहा.

मग डबा धुऊन उजेडात धरा. हळदीचा पिवळा रंग साबणाने जात नाही, उन्हात ठेवला तर थोडा उतरतो. तवंग जिथवर आला होता तिथे आतून एक खरबरीत कडं पडलेलं असेल. नख फिरवलं तर लागतं. म्हणजे तिथली गुळगुळीत साय गेली. कुठे गेली, असा प्रश्न जेवणाऱ्याने विचारायचा नसतो. हळद प्लास्टिकच्या आत जाऊन बसली हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं, पण उलट दिशेनेही वाहतूक चालू असेल असं मनात आणणं म्हणजे निव्वळ संशयीपणा.

कुणी पुतण्या शिकलेला निघाला आणि आकडे सांगू लागलाच, तर त्याला बोलू द्या. तो म्हणेल, काका, २०२३ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवून बघितले. आत पाणी किंवा आंबट द्रव होता. काही डब्यांच्या एकेका चौरस सेंटीमीटरमधून ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटले आणि त्याहून बारीक कण दोनशे कोटींच्या वर. तुम्ही शांतपणे विचारा, "त्याने माणूस मेला काय?" एवढे कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात यावर अजून अभ्यास चालू आहे, म्हणजे आपल्याला रान मोकळं. शास्त्रज्ञांचं एकमत होईपर्यंत वाडगा घासायचा कंटाळा करायला हरकत नाही. तसाही खरा मुद्दा वाडगा घासण्याचाच आहे, तब्येतीचा कुठे होता?

लेबलावर मात्र पूर्ण भरवसा ठेवा. "मायक्रोवेव्ह सेफ" याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही. पण आपण तो "अन्नात काहीच उतरणार नाही" असा लावू. "बीपीए फ्री" लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन. ते मुख्यत: पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असतं. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये काढायला लावलं. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ते मुळातच घालत नाहीत. तिथे ही चिठ्ठी म्हणजे शहाळ्यावर "यात मासे नाहीत" असं लिहिल्यासारखं. वाचून बरं वाटतं, आणि डब्याची किंमत वाढते.

सरकारनेही काळजी घेतलेली आहेच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत प्लास्टिकमधून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये अशी मर्यादा आहे. ही तपासणी नव्याकोऱ्या मालाची, ठरलेल्या वेळेची आणि ठरलेल्या तापमानाची. तुमचा डबा तीन गणपती आणि दोन शिमगे पाहिलेला, तारेच्या घासणीने घासलेला. त्याने नियम वाचलेले नाहीत.

आता सर्वात महत्त्वाचं काम: जनजागृती. "मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक ठेवलं की डायॉक्सिन तयार होऊन कॅन्सर होतो" हा मेसेज तुमच्याकडे आला असेल. तो न वाचता पुढे पाठवा. ते तसं होत नाही हे सांगत बसू नका. डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार व्हायला क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळावं लागतं, आणि मायक्रोवेव्हमध्ये रस्सा तापतो, जळत नाही. पण "तेलकट पदार्थ जुन्या, चरे पडलेल्या डब्यात तापवू नका, आधी काचेच्या वाडग्यात काढून घ्या" एवढी साधी गोष्ट कोण फॉरवर्ड करील? तिच्यात ना भीती, ना लाल अक्षरं, ना हात जोडलेले इमोजी.

डायॉक्सिनची हौस फिटवायची असेल तर त्याची सोय परसात आहे. पावसात लाकडं ओली असतात, न्हाणीची चूल पेटत नाही. अशा वेळी शेणी, झावळ्या किंवा सोडणं शोधत कोण बसतो? जुन्या वायरचं कव्हर, तुटकी चप्पल, दुधाच्या पिशव्या आणि अखेर तो श्रीखंडाचा डबा, सगळं चुलीत घाला. वायरच्या कव्हरमध्ये लागतं ते क्लोरीन भरपूर असतं. काळा धूर माडांतून शेजाऱ्याच्या वळचणीला जाईल. तो खोकला तर हवा बदलली म्हणा. आणि पाणी तापेपर्यंत हातात मोबाइल आहेच, तेव्हा तो मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकून द्या.