ओढ्यातला मासा फुकट पडत नाही

गेल्या महिन्यात एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. आधी गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या, आणि शेवटी भाच्याकडून, खाली "मामा, जायचं का रविवारी?" अशी ओळ जोडून. मजकूर थोडक्यात असा: दुकानदाराला हजारो रुपये कशाला मोजता? ओढ्यातून बारके मासे धरून आणा. देशी मासा काटक, त्याला ना फिल्टर लागतो ना पंप. आठवड्याला टाकी रिकामी करून लख्ख धुवा, चपातीचा चुरा घाला. पहिल्या पावसात तर मासे आपणहून हाताला लागतात. एखादा मेला तर घरावरचं संकट घेऊन गेला समजा. आणि कंटाळा आला की नदीत सोडा, पुण्य लागेल.

मी सांगलीत वीसेक वर्षं टाक्या सांभाळतोय, त्यात ओढ्यातले मासेही ठेवलेत. त्यामुळे ओढ्यातला मासा घरी आणणं म्हणजेच पाप, असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. घाटातल्या ओढ्याचा कळप दोन फुटी टाकीत एका दमात वळताना बघितला की दुकानातल्या गोल्डफिशकडे बघवत नाही. पण या मेसेजप्रमाणे वागलात तर तो कळप आठवडाभर टिकणार नाही. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः करून बसलोय.

आधी ते "देशी मासा काटक". काटक खरा, पण कुठल्या पाण्यात? माझी पहिली खेप मळ्या नावाच्या माशाची होती. पाटणच्या बाजूचा ओढा, तेलाचा पाच लिटरचा कॅन, आणि एसटीचा प्रवास. मळ्या बोटाएवढा, मातकट, वरून बघाल तर काहीच खास नाही. उलटा करून बघा. हनुवटीखाली एक गोल चकती असते, तिनं तो धारेतल्या दगडाला चिकटून राहतो. (कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली, तेव्हा बऱ्याच माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लावली. शास्त्रीय नावातलं "मुल्या" म्हणजे आपला मळ्याच.) घरी आल्यावर सहाही मळ्ये काचेला चिकटले, आम्ही टाळ्या वाजवल्या. रात्री दहाच्या सुमाराला ते काचेवरून एकेक इंच वर सरकायला लागले. पाण्याच्या कडेला तोंड, कल्ले भराभर उघडमीट. आम्हाला वाटलं खेळतायत. सकाळी चार तळाला होते.

कारण साधं आहे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे फार तर 9 मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो, 30 अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. पाणी तापलं की प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. ओढा दगडांवरून आपटत येतो, त्यात हवा सतत मिसळत राहते. आमची टाकी एप्रिलमधल्या सांगलीत खिडकीशेजारी, पाणी निपचित. पंपाचे बुडबुडे शोभेसाठी नसतात. ते पाण्याचा वरचा थर हलता ठेवतात, हवा तिथूनच आत जाते. मळ्यासारख्या धारेतल्या माशाला तर नुसता पंपही पुरत नाही, पाणी जोरात फिरवणारा फिल्टर लागतो.

मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा डोकऱ्या बघितला असावा. मरळीचा हा धाकटा भाऊ कल्ल्यांच्या वरच्या कप्प्यात हवा साठवतो, वर येऊन घोट घेतो, म्हणून चिखलातसुद्धा तगतो. पंपाशिवाय ठेवलात तरी जगेल. फक्त महिनाभरात टाकीत तो एकटाच उरेल, कारण तोंडात मावेल ते सगळं तो गिळतो. आणि झाकण नसेल तर तोही उरणार नाही, सकाळी सोफ्याखाली शोधावा लागेल.

"आठवड्याला टाकी लख्ख धुवा." या एका सल्ल्यानं जितके मासे मेलेत तितके मांजरांनी मारले नसतील. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. ओढ्यात तो वाहून जातो, टाकीत साठतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी त्याचं नायट्रेट करते, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नवी टाकी भरायची, फिल्टर चालू ठेवायचा, चिमूटभर खाद्य कुजू द्यायचं आणि महिनाभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचं. घरचे वेड्यात काढतात, काढू द्या. आणि मग रविवारी तुम्ही स्पंज नळाखाली धरून पिळलात, वाळू निरम्यानं घासलीत, की ती वस्ती गेली. टाकी आरशासारखी दिसते, बुधवारी मासे वर तोंड काढतात, आणि आपण म्हणतो, "काल तर चांगले होते!"

खरी पद्धत आळशाला परवडणारी आहे. आठवड्याला पाव भाग पाणी नळीनं तळातून काढायचं, तेवढंच भरायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा. भरायचं पाणी मात्र बघून. पावसाळ्यात नळाला टीसीएलचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा वास येतो, तो क्लोरीन कल्ले जाळतो. बादली दिवसभर उघडी ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घाला. कृष्णाकाठच्या क्षारपड भागातलं बोअरचं पाणी असेल तर घाटातला मासा त्यात एकदम सोडू नका. तो मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला आहे. पिशवीत थोडंथोडं टाकीचं पाणी घालत तासभर द्यावा लागतो.

चपातीच्या चुऱ्याबद्दल फार लिहीत नाही. मासे खातात, उरलेला चुरा वाळूत सडतो, अमोनिया वाढतो. मळ्या दगडावरचं शेवाळ खरवडतो, वरच्या थरातले मासे किडे टिपतात. त्यांना तेच द्या, नाहीतर बारीक दाण्याचं खाद्य.

आता पहिला पाऊस. चढणीचे मासे आपणहून येतात, हे अगदी खरं आहे. ओढे फुगले की मासे धारेच्या उलट वर चढतात, शेताच्या बांधावर, रस्त्याच्या मोरीत सापडतात. लहानपणी आम्हीही पंचा आडवा धरून उभे राहायचो. पण ते चढतात ते अंडी घालायला. तेव्हा धरलेल्या मादीचं पोट गाभोळीनं टम्म असतं, कॅनमधल्या हिंदकळण्यात ती हमखास दगावते, आणि तिच्याबरोबर ओढ्याची पुढच्या वर्षाची भरतीही. दिवाळीनंतर जा. पाणी निवळलेलं असतं, त्या वर्षीची पिल्लं बोटभर झालेली असतात, आणि लहान मासा टाकीला लवकर सरावतो. हव्यासानं काय होतं ते केरळात दिसलं. डेनिसन बार्ब नावाचा लाल-काळ्या पट्ट्याचा देखणा मासा टाक्यांसाठी इतका उपसला गेला की तो आज संकटग्रस्त यादीत आहे.

कुठे धरताय हेही बघा. कोयना अभयारण्य, चांदोली, सागरेश्वर इथे जाळं काढायचंच नाही, तो वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात, तिथे आधी विचारायचं. मेसेजच्या एका प्रतीत "डोहात थोडी ब्लिचिंग पावडर टाका, मासे वर येतात" अशी भर कुणीतरी घातली होती. पाण्यात विष कालवून मासे मारायला 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. आणि त्या डोहात बेडूक, खेकडे, पिल्लं काहीच मागे राहत नाही.

संकट घेऊन गेलेल्या माशाचं म्हणाल, तर माझ्या चार मळ्यांनी त्या रात्री कुठलं संकट नेलं मला अजून कळलेलं नाही. या समजुतीचा तोटा इतकाच की मासा का मेला हे कुणी बघत नाही. दुकानातून दुसरा आणतात, तोही संकट घेऊन जातो.

उरलं पुण्य. या मुद्द्यावर मी मेसेज पाठवणाऱ्यांशी भांडलोसुद्धा आहे. दुकानातला "सकर" काच साफ करतो म्हणून आणतात. तो फूटभराच्या वर वाढतो, मग टाकीत मावत नाही, मग नदी दाखवली जाते. अंगावर हाडासारख्या कठीण पट्ट्यांचं चिलखत, काठात बिळं करायची सवय, जाळ्यात आला तर जाळं फाडतो. चिलापी 1952 मध्ये बाहेरून देशात आणली, आज बाजारात तिची टोपली बघून ती परकी आहे हे कुणाला खरंही वाटणार नाही. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं तो बंदिस्त हौदात, टाक्यांत सोडतं, तिथे ठीक आहे. वाहत्या ओढ्यात तो कशाला? दर महिन्याला पिल्लं टाकणारा मासा एकदा शिरला की परत काढता येत नाही. अळ्या खाणारे आपले मासे तिथे आधीच आहेत, डोक्यावर पांढरा चकचकीत ठिपका मिरवत वरच्या थरात फिरणारा पिकू त्यातलाच.

"पण आमचा मासा नदीतलाच होता, परत सोडला तर काय?" असं भाच्यानं विचारलं. रास्त प्रश्न. घाटातल्या थंड ओढ्यातला मासा सांगलीच्या घाटावरून कृष्णेत सोडलात तर त्याच्या दृष्टीनं तो परगाव आहे. आणि टाकीत तो दुकानातल्या माशांबरोबर राहिला असेल तर त्यांचे रोग, अंगात रुतणारे किडे घेऊन तो बाहेर जातो. उलट दिशेनंही तेच होतं, म्हणून ओढ्यातून आणलेला मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. कंटाळा आला तर दुकानदाराला द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. बरेच जण आनंदानं घेतात.

मी इथे साळसूद नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची गप्पीची टाकी बुडाली. आम्ही वरच्या मजल्यावर, गॅस सिलिंडर आणि कागदपत्रं घेऊन. पाणी उतरल्यावर टाकीत चिखल होता, मासा एकही नव्हता. मुद्दाम सोडले नाहीत, पण गेले ते कृष्णेतच गेले. तेव्हापासून परका मासा मी तळमजल्यावर ठेवत नाही.

भाच्याबरोबर गेलो, पण दिवाळी उलटल्यावर. त्याआधी महिनाभर त्यानं रिकामी टाकी चालवली, वहीत खर्च लिहिला: टाकी, झाकण, फिल्टर, वाळू, अँटिक्लोरीन. बेरीज बघून म्हणाला, "यात मासेच फक्त फुकट आहेत." निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सात डानिओ आणले. एकानं पहिल्याच रात्री झाकणाच्या वायरच्या फटीतून उडी मारली, फट आता स्पंजनं बुजवली आहे. सहा आहेत, संध्याकाळी दिवा लावला की पुढच्या काचेशी येऊन रांग धरतात. मळ्या आणायचा का, ते तो येता मे महिना टाकीतला थर्मामीटर बघून ठरवणार आहे.