इंटरव्ह्यूला काय घालून जाऊ, बावा?

इंटरव्ह्यूच्या मेलच्या तळाशी एक ओळ असते: ‘ड्रेस कोड – फॉर्मल्स’. लिहिणाऱ्याच्या मते विषय तिथेच संपला. ज्यांना मुलींच्या रांगेतला कुर्ता अंगाला टोचतो आणि मुलांच्या रांगेतला शर्ट खांद्यावरून ओघळतो, त्यांचा विषय तिथून सुरू होतो. ज्यांचा सगळा जीव नखांच्या रंगात आणि कानातल्या खड्यात आहे, पण अर्जात ‘पुरुष’ या खान्यावर टिक आहे, त्यांचाही.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवलेलं बरं. टेबलापलीकडचे तिघं तुमचा शर्ट कोणत्या काउंटरवरून आला ते तपासत नाहीत. त्यांना खुपतं ते न बसलेलं कापड. मापात बसलेला शर्ट गप्प बसतो, न बसलेला शर्ट तुमच्या आधी बोलायला लागतो. म्हणून ‘आपण किती दिसायचं आणि किती लपायचं’ यावर रात्ररात्र जागण्यापेक्षा नागपुरात बर्डीवर जाऊन एक बरा शिंपी गाठावा.

शर्टात पहिलं बघायचं ते खांदा. शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. अरुंद खांद्याच्या माणसाने जेंट्स काउंटरचा शर्ट छातीच्या मापाने घेतला, की शिवण इंच-दीड इंच दंडावर उतरते आणि मोठ्या भावाचा शर्ट मागून आणल्यासारखा दिसतो. खांद्याच्या मापाने घेतला तर छातीवर दुसऱ्या-तिसऱ्या बटणामध्ये फट पडते. ती फट तुम्हाला आरशात दिसत नाही, कारण आरशापुढे आपण ताठ उभे असतो. ती खुर्चीत बसल्यावर उघडते, म्हणजे नेमकी पॅनेलच्या डोळ्यांच्या रेषेत. म्हणून ट्रायल रूममध्ये शर्ट घालून खाली बसून बघायचं. स्टूल नसेल तर उकिडवं बसा. पडद्याबाहेरचा पोरगा ‘काय झालं जी?’ म्हणून विचारेल, विचारू द्या.

फटीवर उपाय टिचबटणाचा. दोन बटणांच्या मधोमध, पट्टीच्या आतल्या बाजूला एक टिचबटण लावून घ्यायचं. बाहेरून काही दिसत नाही. सेफ्टी पिन लावू नका. कापड ओढलं जाऊन तिथे चुणी पडते, आणि पगाराच्या प्रश्नावर पुढे झुकलात की ती टोचते. खांदा आत घ्यायचा तर अख्खी बाही काढून मुंढा नव्याने बसवावा लागतो. इंचभरापर्यंत ते जमतं, त्यापुढे शिंपी हो म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा.

त्यापेक्षा शिवून घेणं केव्हाही बरं. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटीला १.२० मीटर लागतं. ३६ इंच पन्ह्यात शर्टालाच सव्वादोन मीटर जातं. गांधीबागेत कापड घेतलंत तर आधी पन्हा विचारा, भाव मागाहून. खरी परीक्षा असते ती कापड घेऊन मास्टरपुढे उभं राहण्याची.

‘‘लेडीज टाइप शिवू का जेंट्स टाइप?’’

या प्रश्नावर तत्त्वज्ञान सांगत बसू नये. मास्टरला तत्त्वज्ञान नको, मापं पाहिजेत. त्याच्याच भाषेत सांगायचं: ‘‘मास्टर, कॉलर-कफ जेंट्स, पुढे टक्स नको, साइडची शिवण कंबरेत अर्धा इंच आत, हिपवर मोकळी, दोन्ही बाजूंना दोन इंचांचा कट. छातीवर चार इंच ढिलाई. आणि एक बटण बरोबर छातीच्या रेषेवर आलं पाहिजे, बाकीची त्याच्या हिशेबाने वर-खाली.’’ शेवटचं वाक्य ऐकून मास्टर चष्म्यावरून बघतो. त्या क्षणापासून तुम्ही त्याच्यासाठी लेडीजही नाही, जेंट्सही नाही, फक्त ‘माहितगार गिऱ्हाईक’ असता, आणि माहितगार गिऱ्हाइकाला तो वेळेवर कपडे देतो. निदान दुसऱ्या वायद्याला.

जेंट्स शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, लेडीजची डाव्या. हे कोणाच्याही लक्षात येत नाही. त्यावर झोप घालवू नका.

पँटीचं गणित उलटं आहे. जेंट्स पँट हिपच्या मापाने घ्यायची आणि कंबर आत घ्यायची, कारण तिच्या मागच्या शिवणीत एक-दीड इंचाची मार्जिन ठेवलेली असते. कंबरेच्या मापाने घेतली तर बाजूचे खिसे कान उपटल्यासारखे उघडे राहतात. लेडीज फॉर्मल पँटीत मार्जिन जवळपास नसते आणि खिसे तर पुष्कळदा नुसते दाखवायला शिवलेले. पेन, मोबाईल, मेट्रोचं कार्ड, रुमाल सगळं हातात घेऊन पॅनेलशी हस्तांदोलन करून दाखवा म्हणजे समजेल. मोहरी, म्हणजे पँटीचा पायाकडचा घेर, फार अरुंद ठेवू नका. बसल्यावर पँट वर सरकते आणि आतला इंद्रधनुषी मोजा बाहेर येतो. तोच दाखवायचा असेल तर अर्थातच अरुंद ठेवा.

बुटांचा घोळ वेगळाच. जेंट्स फॉर्मल बूट बहुतेक ठिकाणी सहा नंबरपासून सुरू होतात. पाऊल चार-पाचचं असेल तर सरळ शाळेच्या बुटांच्या शेल्फकडे जा. काळे, लेसवाले, साधे, मजबूत. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळे नंबर मिळतात. दुकानदार ‘पोट्टा कितवीत आहे?’ विचारतो, तेव्हा ‘शेवटच्या वर्षाला’ म्हणायचं. उलट बाजूच्यांची अडचण अशी की लेडीज चपला-बूट बहुतेक दुकानांत आठ नंबरला संपतात. त्यांनी बक्कल नसलेले, पातळ सोलचे काळे लोफर जेंट्समधूनच घ्यावेत. साडी किंवा सलवारखाली ते खटकत नाहीत.

आता उन्हाचं. जगभरचे सल्ले थंड देशांतले असतात, त्यांना नागपूरचा मे ठाऊक नाही. पारा ४५च्या वर गेला की छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर घालणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. बाइंडर एका वेळी आठ तासांच्या वर नको, त्यात झोपणं नको, आणि मापापेक्षा लहान तर मुळीच नको. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळायची कल्पना ज्याने दिली असेल त्याचा नंबर ब्लॉक करा. बँडेज श्वासागणिक आवळत जातं आणि बरगड्यांना इजा होते. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला तर भरपूर श्वास लागतो. उन्हाळ्यात बरी बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा, त्यावर सुती बनियन आणि वर जाडसर ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट एवढ्यात काम होतं. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं नको, अंगाच्या रंगाचं घाला, पांढरं उठून दिसतं. फिकट निळा शर्ट सगळे सुचवतात, पण घामाचे डाग त्याच्यावरच सगळ्यात ठळक उमटतात. पांढरा किंवा गडद नेव्ही घ्या. आणि टॉयलेटचा प्रश्न टाळायला पाणी न पिता निघू नका. उन्हात चक्कर येऊन पडलात तर कोणत्या टॉयलेटमध्ये जायचं हा प्रश्न उरणार नाही, पण इंटरव्ह्यूही उरणार नाही.

उन्हाळ्याचा एक फायदा मात्र आहे. मे महिन्यात दुचाकीवरचा नागपूरकर डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्ट्यात गुंडाळलेला, वर गॉगल, हातात मोजे. सिग्नलला शेजारी उभं असलेलं ते पोट्टा का पोट्टी हे त्याच्या आईलाही गाडीच्या नंबरावरूनच ओळखावं लागतं. जेंडर न्यूट्रल की काय म्हणतात त्यात आपलं गाव दरवर्षी दोन महिने जगाच्या पुढे असतं आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. फक्त तो दुपट्टा सोडल्यावर केस चपटे होतात आणि कपाळावर लाल रेघ उमटते. ती जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढं आधी पोचा. मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीकडे, जायचं असेल तर मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत एसीत बसून जा आणि दुपट्टा पुढच्या रिक्षेपुरताच ठेवा.

नखं, भुवया आणि दाढीवाल्यांनी कॅलेंडर घेऊन बसावं. थ्रेडिंग केलेल्या भुवया पूर्ववत भरायला चार-सहा आठवडे लागतात, तेव्हा इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी पश्चात्ताप करून उपयोग नाही. नेलपेंट आदल्या रात्री काढा, सकाळी नको. रिमूव्हरने नखं पांढरीफटक पडतात, वरून खोबरेल चोळून रात्रभर ठेवावं लागतं. कडेच्या कातडीत अडकलेला लाल रंग काडीला कापूस गुंडाळून काढा. तो राहिला तर पूर्ण लावलेल्या नेलपेंटपेक्षा वाईट दिसतो, कारण लावलेलं म्हणजे निर्णय आणि राहिलेलं म्हणजे आळस. काजळही पाण्याने जात नाही, तेलाने जातं. अर्धवट पुसलेलं काजळ बघून पॅनेलला वाटतं, उमेदवार रात्रभर झोपलेला नाही.

दाढीची निळसर छटा झाकायची असेल तर नुसतं फाउंडेशन थापून ती राखाडी होते. आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात, तोही फक्त छटेवर, मग फाउंडेशन, मग पावडर. निळ्याला नारिंगी मारतं. संत्र्याच्या गावात हे वेगळं शिकवावं लागू नये.

दागिन्यांबाबत पॅनेलचं वागणं मोठं मजेशीर. समोरच्या साहेबांच्या चार बोटांत पुष्कराज, पोवळं, नीलम, गोमेद, मनगटात तांब्याचं कडं, दंडावर गंडा. आणि तेच साहेब उमेदवाराच्या कानातल्या एका बारीक खड्याकडे टक लावून बघतात. भिकबाळी असेल तर मात्र ‘वा, परंपरा!’ म्हणजे हरकत कानाला नाही, खड्याच्या हेतूला आहे. वाद घालण्यात अर्थ नसेल तर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा खिळा घालून जा, भोकही बुजत नाही. लांब केस असतील तर मानेशी खाली बांधा, टाळूवर अंबाडा बांधलात की पॅनेलला जिम आठवते. बॉयकट असेल तर मानेवरची रेघ आदल्या दिवशी सलूनमध्ये साफ करून घ्या. बाकी बॉयकटवर कोणी काही बोलत नाही, फक्त एखादी मॅडम ‘केस गळतात का?’ विचारते.

‘मग कुर्ता घाल की, तो सगळ्यांना चालतो’ असा सल्ला हमखास मिळतो. कागदावर बरोबर आहे. सरळ कुर्ता बाईने घातला तर फॉर्मल, पुरुषाने घातला तर गुरुजी, आणि वर जाकीट चढवलं तर नगरसेवक. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे होतं. डिसेंबरात ते सुरू असताना पांढरा कुर्ता आणि जाकीट घालून सिव्हिल लाइन्सकडून गेलात तर कोणीतरी निवेदन हातात देईल. त्या दिवसांत घालायचाच तर गडद निळा किंवा राखाडी घाला आणि फाइलवर कंपनीचं नाव मोठ्ठं लिहा.

फोटोचं एक वेगळंच. पासपोर्ट फोटोवाला न विचारता कॉम्प्युटरवर कोट चढवतो. त्याच्याकडे दोनच कोट असतात, टायवाला आणि बिनटायचा, आणि कोणता चढवायचा हे तो तुमच्याकडे एकदा बघून ठरवतो. त्याला आधीच सांगा, ‘‘भाऊ, कोट नको, आहे तसाच काढा.’’ अर्जावरचा चेहरा आणि दारातून आत येणारा चेहरा एकच दिसला पाहिजे, नाहीतर पहिली पाच मिनिटं ओळखपरेडीत जातात. गुणपत्रिकेवरचं नाव आणि वापरातलं नाव वेगळं असेल तर आदल्या दिवशी एचआरला दोन ओळींचं मेल टाका आणि नाव बदललं असेल तर राजपत्राच्या पानाची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

कपडे जमले की तोंड उघडावं लागतं आणि मराठी क्रियापद लगेच चुगली करतं. ‘मी करतो’ म्हटलं की एक, ‘करते’ म्हटलं की दुसरं. ते नको असेल तर वाटा आहेत: ‘माझं शिक्षण नागपुरातच झालं’, ‘मी दोन वर्षं अकाउंट्‌स सांभाळले’, ‘मला टॅली येतं’, ‘मी शिकून घेईन’. सवय लागली की अडखळायला होत नाही. हा लेख तरी दुसऱ्या कशाने लिहिलाय?

कायदा तुमच्या बाजूने आहे, तेही लक्षात असू द्या. १५ एप्रिल २०१४च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोशाखातून, बोलण्या-वागण्यातून आपलं लिंगभान व्यक्त करणं हे कलम १९(१)(अ) खालचं स्वातंत्र्य मानलंय, आणि २०१९चा तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा कायदा नोकरभरतीत भेदभाव करायला मनाई करतो. हे पॅनेलला पहिल्याच प्रश्नाला ऐकवायची गरज नसते. इस्त्री मात्र दोन्ही बाजूंनी हवी, कॉलरच्या खालूनसुद्धा.

आणि झालंच सिलेक्शन, तर जॉइनिंगच्या फॉर्मवर कंपनीच्या टी-शर्टचा साइज विचारतात: ‘जेंट्स का लेडीज?’ लेडीजची बाही चार बोटांची आणि कंबर आवळलेली असते, तिचा ‘एल’ अंगावर जेंट्सच्या ‘एस’एवढाच निघतो. नमुना मागवा, घालून बघा, आणि खाली बसून बघा.