शिक्का कोणाचा, यापेक्षा पाहिले कोणी?

स्वमग्न मुलांबरोबर काम करणाऱ्या वर्तन विश्लेषकांना, म्हणजे मूल तसे का वागते हे पाहून त्याला कौशल्ये शिकवणाऱ्या व्यावसायिकांना, मान्यता कोणी द्यायची, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांशी बोलताना हमखास निघतो. अमेरिकेतील प्रमाणन मंडळाने २०२३ पासून भारतात राहणाऱ्या उमेदवारांचे नवे अर्ज घेणे बंद केले आणि ‘आता प्रमाणपत्र कोणाचे दाखवायचे?’ ही चिंता मागे लागली. न्यू जर्सीत प्रशिक्षणार्थींवर देखरेख करणाऱ्या मला मात्र त्या प्रमाणपत्राची एवढी हळहळ वाटत नाही.

येथे नेहमीच्या मार्गाने जाणाऱ्या उमेदवाराला २००० तास प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्यातले किमान ५ टक्के, म्हणजे १०० तास, देखरेखीचे असावे लागतात. हा आकडा कागदावर सहज भरतो. सही करणाराच पगार ठरवणारा असला, की ‘हे उद्दिष्ट मुलाच्या हिताचे नाही’ असे म्हणण्याची प्राज्ञा शिकाऊ माणसाला होत नाही. खरे शिक्षण त्या म्हणण्यातच असते. एखादा मुलगा आनंदाने हात फडफडवतो, शाळेला ते खुपते, आणि प्रशिक्षणार्थी लगेच तक्ता आखून बक्षिसांची योजना मांडू लागते. तेव्हा मी विचारते, हात थांबल्याने त्याचे काय भले होणार? त्याने समोरचे कार्ड दूर सारले, तर ती ‘टाळाटाळ’ म्हणून नोंदवायची की नकार म्हणून? मंडळाच्या २०२२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत मुलाच्या संमतीचा विचार आहे; पण संहिता पाठ करून असे प्रश्न सुचत नाहीत, शेजारी बसून कोणीतरी ते विचारावे लागतात.

त्याच संहितेत १० डॉलरपेक्षा महाग भेट घेऊ नये, असाही नियम आहे. (फराळाचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या आईला त्याची किंमत विचारायची काय?) आपल्याकडे पाहायला हवे ते एवढेच, की फराळ देणाऱ्या घराला सोयीची वेळ आधी मिळते का.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत वर्तन विश्लेषकाचा उल्लेख आहे. त्याखाली प्रशिक्षणाचे निकष ठरवताना तास वाढवण्यापेक्षा देखरेख करणारी व्यक्ती केंद्रचालकाच्या पगारावर नसावी, तिच्याकडे मोजकेच प्रशिक्षणार्थी असावेत आणि तिने काम प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद पालकांना मागता यावी. देखरेख कशी करावी, याचेही शिक्षण तिला मिळायला हवे. येथे त्यासाठी ८ तास सक्तीचे आहेत, ते मला तोकडे वाटतात. हे सारे खर्चिक आहे, आणि तो खर्च पालकांच्या फीमधून काढायचा की सरकारने उचलायचा, यावर माझे सहकारी अजून बोलायला तयार नाहीत.